जीनचं माहेर

पार्किंगच्या कडेला

उत्तर कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये माझं घर आहे. तिथून गाडीने अर्ध्या तासावर टाउनहाउसची एक नवी वसाहत झाली आहे. तिच्या पार्किंगच्या कडेला, मुलांची घसरगुंडी आणि कचऱ्याचे मोठे डबे यांच्या मधे, लोखंडी कुंपण घातलेला जमिनीचा एक तुकडा तसाच ठेवलेला आहे. आत वीसेक जुने दगड आहेत. काही सरळ, काही कललेले, एकदोन जमिनीत पार गेलेले. वसाहत बांधणाऱ्यांनी या जुन्या दफनभूमीला हात लावला नाही, पण तिथे आता नव्याने कुणाला पुरता येत नाही. माझ्या नवऱ्याच्या, डेव्हिड मॅकडिलच्या, घराण्यातली ठाऊक असलेली सर्वांत जुनी माणसं इथे आहेत. म्हणून आमच्या प्रवासाची सुरुवात इथून झाली.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण वृंदा. वृंदा मूळची नागपूरची, निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर बेशुद्ध माणसांबरोबर काम केल्यामुळे समोरचा मधे काही बोलेल याची तिला सवय नाही. गाडी तिची आणि चालवणारही तीच. डेव्हिडने काढलेली वंशावळ मांडीवर घेऊन मी शेजारी बसायचं, असं ठरलं होतं.

मे महिन्यातली शुक्रवारची सकाळ होती. अक्षरं वाचायला मी एका दगडापुढे वाकले होते. तेवढ्यात बाबागाडी ढकलत एक तरुण मुलगी कुंपणापाशी थांबली. आमचं मराठी तिच्या कानावर गेलं असणार.

“काकू, काही हरवलंय का? हेल्प करू?”

“नाही गं. माझ्या सासरची माणसं आहेत इथे.”

तिने दगडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“जुनं सासर आहे,” वृंदा म्हणाली. “टेन्शन नको घेऊस.”

मुलगी पुण्याची निघाली. रोज इथूनच वॉक घेते म्हणाली, पण दगडांवर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. मी तिला वाचून दाखवलं. जेम्स मॅकडिल. त्याच्या शेजारी ‘जीन, त्याची पत्नी’. मग मुलगे, जन्मसालांच्या क्रमाने विल्यम, आर्चिबाल्ड आणि जेम्स. एक बुटका दगड ग्रिझेलचा. ती थोरली मुलगी, सहा-सात वर्षांची असताना गेली. बाळ गाडीत झोपलेलं होतं तरी त्या मुलीने आवाज खाली आणला. “सो स्मॉल,” असं म्हणाली आणि गाडीचं छत आणखी पुढे ओढून निघून गेली.

डेव्हिड गेल्या हिवाळ्यात गेला. तो मातीचा अभ्यासक होता. कुठेही गेलं तरी चिमूटभर माती बोटांत चुरून पाहायचा. पण स्वतः कुठल्या मातीतला, हे त्याला सांगता येत नसे. लष्करातल्या माणसाचा तो एकुलता एक मुलगा. बालपण सगळं या तळावरून त्या तळावर जाण्यात गेलं. वडील एका लष्करी दफनभूमीत आहेत, आई दुसऱ्या नवऱ्याशेजारी फ्लोरिडात.

लग्नानंतर आम्ही साताऱ्याला गेलो असताना माझ्या काकांनी त्याला आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत दाखवला. जाडजूड ग्रंथ, लाल कापडी बांधणी. त्यात माझं नाव एका ओळीत संपतं आणि पुढे कंसात नवऱ्याचं नाव. डेव्हिडने ते बोट ठेवून पाहिलं आणि मला म्हणाला, “मी कंसात आहे.” त्याला ते फार आवडलं. परत आल्यावर तो स्वतःच्या घराण्याच्या मागे लागला. निवृत्तीनंतर तर त्याचा दुसरा उद्योग नव्हता. या पार्किंगपर्यंत तो येऊन पोहोचला आणि इथेच अडकला.

शेवटच्या आजारात एका दुपारी तो म्हणाला, “मला अशा जागी ठेव, जिथे मी कुणाचा हे कुणाला तरी सांगता येईल.”

त्याच्या अस्थी घरी कपाटात होत्या. मी एकटी ठरवणार असते तर नदी गाठली असती. पण ती माझ्या माणसांची रीत झाली. त्याला त्याची माणसं हवी होती. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यात एका ओढ्याकाठी जुनं दगडी चर्च आहे, आणि ते बांधणाऱ्या पहिल्या घराण्यांत मॅकडिल होते, एवढं त्याला कळलं होतं. मी तिथे फोन केला. बोलणाऱ्या बाई म्हाताऱ्या होत्या, नाव लोइस. त्यांनी नियम सांगितला. चर्चमागच्या दफनभूमीत त्या पहिल्या घराण्यांच्या रक्ताच्या माणसाला जागा मिळते आणि त्याच्या जोडीदाराला. बाकी कुणाला नाही. “पण रविवारी आमच्याकडे सगळे जमतात,” त्या म्हणाल्या. “तू शनिवारी ये, बसून बोलू.”

म्हणजे पार्किंगजवळचा जेम्स मॅकडिल हा त्या चर्चच्या मॅकडिलांपैकीच, एवढं मला दाखवायचं होतं. ते जमलं तर डेव्हिडला जागा होती.

उलट्या दिशेने

ज्या रस्त्याने ही माणसं खाली आली त्याच रस्त्याने आम्ही वर निघालो. ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही मुळात स्कॉटलंडची माणसं. राजाने त्यांना समुद्रापलीकडे आयर्लंडच्या उत्तर टोकाला नेऊन वसवलं. तिथे चारपाच पिढ्या काढल्या, पण जमिनीचा खंड वाढत गेला आणि राजाच्या चर्चशी त्यांचं पटलं नाही. मग अठराव्या शतकात ती जहाजांनी पेनसिल्व्हेनियात उतरली. चांगली जमीन आधीच्यांनी घेतली होती, म्हणून बैलगाड्या जोडून डोंगरांमधल्या खोऱ्याने दक्षिणेकडे सरकत राहिली. पुढची पिढी आणखी दक्षिणेला, कॅरोलायनात. ज्या जमिनीवर ती बसत गेली तिथे आधीपासून दुसरी माणसं होती, हे त्यांच्या दगडांवर कुठे लिहिलेलं नाही. डेव्हिडने ते आपल्या टिपणांत आवर्जून लिहिलं होतं.

“किती भाऊ आले?” वृंदाने विचारलं.

“तीन.”

“वाटलंच मला.”

ती का हसली ते मराठी वाचकाला सांगायला नको. आमच्याही घराण्यातले तीन भाऊ कोकणातून घाट चढून वर आले. वृंदाच्या सासरचेही तीनच आले. डेव्हिड म्हणायचा, अमेरिकेत ज्या घराला आपल्याबद्दल काहीच ठाऊक नसतं, त्या घरालाही तीन भाऊ आले एवढं ठाऊक असतं. “चौथा काय करत होता देव जाणे,” वृंदा म्हणाली. “झोपला असेल यार. माझा भाऊ असता तर झोपलाच असता.”

ग्रीन्सबरो मागे पडलं आणि निळसर डोंगर दिसायला लागले. रोअनोकनंतर रस्ता खोऱ्यात शिरतो. उजवीकडे ब्लू रिजची रांग, डावीकडे ॲलेघेनीची, आणि मधे वर-खाली होत जाणारी हिरवी कुरणं. गवताचे गुंडाळलेले भारे, काळ्या गाई, पांढरी घरं. कुरणांतून मधेच चुनखडीचे करडे खडक वर आलेले दिसतात, जणू जमीन त्या ठिकाणी झिजून हाडं उघडी पडली आहेत. ट्रक मात्र अखंड. पूर्वीच्या बैलगाड्यांची वाट हीच, हे त्या ट्रकांच्या गर्दीत ध्यानात ठेवायला कष्ट पडतात.

दुपारी एका गावातल्या छोट्या हॉटेलात थांबलो. मी शाकाहारी, म्हणून वाढणाऱ्या मुलीने बीन्स आणि मक्याचा पाव सुचवला. बीन्स पातळ, मऊ शिजलेले, वर चिरलेला कच्चा कांदा. “राजम्याचा गरीब चुलतभाऊ,” वृंदाने निदान केलं. मला ते आवडले. निम्मी वाटी संपल्यावर चमच्याला हाडाभोवतीचा मांसाचा तुकडा लागला. मी मुलीला हाक मारली.

“यात मांस आहे का?”

“नाही मॅम, मांस नाही. हॅम आहे, चवीपुरता.”

वृंदाने तो तुकडा चमच्याने उचलून स्वतःच्या ताटात घेतला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “पेशंट स्टेबल आहे.” डेव्हिड गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते.

शनिवार

चर्च डोंगराच्या पायथ्याशी आहे. भिंती जाड, दगड ओबडधोबड, खिडक्या लहान. आत क्रूस नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही. पांढऱ्या भिंती आणि लाकडी बाकं. मला क्षणभर आमच्या गावाकडच्या शाळेची आठवण झाली. या लोकांना देवाच्या घरात सजावट चालत नसे. बसून तासन्‌तास प्रवचन ऐकायचं, एवढंच.

लोइस दारातच उभी होती. ऐंशीच्या पुढची, उंच, हातात काठी, ओठांवर लाल लिपस्टिक. तिचं बोलणं मी इथे मराठीत देते आहे. प्रत्येक वाक्याच्या शेवटचं ‘हनी’ तेवढं गाळलं आहे, नाहीतर पानभर तेवढंच होईल. तिच्याबरोबर तिचा चुलतभाऊ टेड होता. साठीचा, दफनभूमीच्या समितीतला, कमी बोलणारा.

मी वंशावळ बाकावर पसरली. डेव्हिड, त्याचे वडील, त्यांचे वडील, असं बोटाने वर सरकत जेम्सपाशी आले. प्रत्येक पायरीवर बाप आणि मुलगा. आमच्या कुळवृत्तांतात असतं तसंच.

टेडने ते सगळं शांतपणे पाहिलं. “काम पक्कं केलंय तुमच्या मिस्टरांनी,” तो म्हणाला. मग तो आम्हाला बाहेर घेऊन गेला, एका काळ्या दगडापाशी. “हा आमचा जेम्स मॅकडिल. रॉबर्टचा एकुलता एक. तापाने गेला, लग्न व्हायच्या आधी. आमच्याकडे रॉबर्टशिवाय दुसरा मॅकडिल नव्हता.”

मी दगडावरची सालं पाहिली. हा मुलगा मेला तेव्हा आमच्या पार्किंगजवळच्या जेम्सला दोन मुलं होती.

“मग आमचा कोण?”

“तो कुठूनही आला असेल. पेनसिल्व्हेनियात दर मैलाला एक जेम्स मॅकडिल होता.”

“रॉबर्टचा पुतण्या असेल,” वृंदा म्हणाली.

“असेल,” टेड म्हणाला. “पण ‘असेल’वर जागा देता येत नाही, मॅम. तसं केलं तर अर्धं व्हर्जिनिया इथे येऊन झोपेल.”

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. तो खरं बोलत होता. मी वंशावळीची गुंडाळी करायला लागले. कागद मोठा होता, नीट गुंडाळला जाईना.

“चला, निघू आपण,” वृंदा मराठीत म्हणाली. “आत्ता निघालो तर अंधार पडायच्या आत घरी.”

लोइसला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. “उद्या जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही,” ती म्हणाली. “तू माणूस गमावलंयस. उद्याचा दिवस आमच्याकडे त्याच माणसांचा असतो.”

आम्ही राहिलो.

रविवार

मे अखेरचा हा रविवार इथे कबरी सजवण्याचा असतो. चर्चमधली प्रार्थना आटोपली की सगळे मागच्या उतारावर जातात. लांबलांबहून गाड्या आलेल्या असतात. कॉफीच्या रिकाम्या डब्यांना चंदेरी कागद गुंडाळून त्यांत घरच्या बागेतली फुलं भरतात. जाडजूड गुलाबी पिओनी आणि जांभळे आयरिस. गवत कापतात, दगड पुसतात. रडणं फारसं नाही. माणसं आपल्या मेलेल्यांपाशी उभी राहून हवा, गाई आणि कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन यांबद्दल बोलतात. ओकच्या झाडांखाली लांब टेबलं मांडलेली असतात, आणि त्यांवरची झाकलेली भांडी या सगळ्याची वाट पाहत असतात. मला आमच्याकडचा सर्वपित्रीचा दिवस आठवला. पण आपल्याकडे पितरांना वाढून आपण बाजूला होतो, कावळा शिवेपर्यंत उभे राहतो. इथे त्यांच्या उशापायथ्याशी बसून जेवतात.

लोइसने माझ्या हातात पाण्याची बादली दिली. “मला काठी आहे, तुला बादली,” म्हणाली. एकेका डब्यात पाणी घालत आम्ही ओळीने चाललो. वृंदा मागून फुलं घेऊन येत होती.

“ही माझी बहीण मार्गारेट,” लोइसने एका दगडावरून हात फिरवला. “थोरली. म्हणून तिला आईच्या आईचं नाव. मी दुसरी, म्हणून मला वडिलांच्या आईचं. माझं वाईट नशीब, मार्गारेट किती छान नाव आहे.”

“तुमच्याकडे हे ठरलेलं असतं?”

“आता कोण पाळतंय? माझ्या पणतीचं नाव स्काय आहे. पण पूर्वी चूक होत नसे. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं. दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. तिसऱ्याला खुद्द वडिलांचं. मुलींत थोरलीला आईच्या आईचं.”

मी पुढच्या डब्यात पाणी ओतत होते, ते डबा भरून वाहायला लागलं.

आमच्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. पण ते आजोबा वडिलांचे वडील. आईच्या माहेरचं नाव सासरच्या घरात येत नाही. म्हणून डेव्हिडच्या वंशावळीतला आर्चिबाल्ड मला नेहमी उपरा वाटायचा. मॅकडिलांत विल्यम आणि जेम्स पिढ्यान्‌पिढ्या सापडतात, मग हा कुठून आला? आणि ग्रिझेलचा तर मी विचारच केला नव्हता. लहान मुलगी, वंश पुढे गेला नाही, संपलं. जीनच्या नावापुढे आम्ही ‘माहेर अज्ञात’ असं लिहून वर सरकलो होतो. कुळवृत्तांतात ते शब्द पानापानावर असतात. ते वाचून कुणी थांबत नाही.

मी बादली खाली ठेवली. “लोइस, इथे आर्चिबाल्ड नावाचं कुणी आहे?”

“एकच. आर्चिबाल्ड गिलेस्पी. माझा मूळपुरुष. चर्चच्या पहिल्या दगडाला त्याचा हात लागला होता.”

“त्याच्या बायकोचं नाव ग्रिझेल होतं का?”

लोइसची काठी थांबली. “ते तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी विचारते आहे.”

ती वळली आणि उताराच्या वरच्या टोकाकडे चालू लागली, काठीवर इतका जोर देऊन की मला तिच्या मागे पळावं लागलं. वर सर्वांत जुन्या ओळी होत्या. पातळ करड्या दगडांवर शेवाळं धरलं होतं. एका दगडापुढे ती थांबली. मी ओल्या फडक्याने शेवाळं पुसलं. अक्षरं झिजून उथळ झाली होती, पण बोट फिरवल्यावर लागत होती. आर्चिबाल्ड. शेजारच्या दगडावर ग्रिझेल.

“हे नाव या सबंध अंगणात दुसरं नाही,” लोइस म्हणाली. “शंभर वर्षांत कुणी मोठ्याने घेतलंही नसेल.”

“यांना मुलगी होती?”

“चार मुलगे. ते सगळे इथे आहेत, या ओळीत. आणि एक मुलगी. नवऱ्याबरोबर दक्षिणेला गेली. पुन्हा काही कळलं नाही, एवढंच आजी सांगायची. जीन नाव होतं तिचं.”

“आणि नवऱ्याचं?”

“ते आमच्या घरात कुणी लक्षात ठेवलं नाही.”

“का?”

लोइसने माझ्याकडे पाहिलं. “मुलगीच होती ना ती,” असं म्हणाली आणि तिथेच, दोन दगडांच्या मधे, काठीवर दोन्ही हात ठेवून हसायला लागली. मला हसावं की रडावं ते कळेना. सातासमुद्रापलीकडच्या दोन जमातींनी आपापल्या लेकी अगदी एकाच पद्धतीने हरवल्या होत्या.

वृंदा फुलं घेऊन वर पोहोचली. “काय झालं? दोघीही पांढऱ्या पडल्यात.”

“अगं, हे त्याच्या बापाचं घर नाहीच,” मी म्हणाले. “आम्ही उगाच मॅकडिल शोधत बसलो. हे आजोळ आहे.”

लोइसने आजोळ म्हणजे काय ते विचारलं. आईच्या आईवडिलांचं घर, मी सांगितलं. सुट्टीत जायचं, लाड करून घ्यायचे, अभ्यास करायचा नाही. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. तिला ‘ळ’ जमला नाही. “आमच्याकडे त्या घरासाठी वेगळा शब्दच नाही,” ती म्हणाली, आणि मला ते तिच्यापेक्षा जास्त जाणवलं.

टेबलापाशी

समितीत तिघे होते. लोइस, टेड आणि चर्चचा पाद्री, जो पंचेचाळिशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस होता. बैठक टेबलापाशी, उभ्याउभ्याच झाली. माझ्या ताटात मसाला घालून भरलेली उकडलेली अंडी कुणीतरी वाढली होती, ती मी वृंदाला दिली. हिरव्या शेंगांची भाजी मात्र मी या वेळी आधी ढवळून पाहिली आणि जिथल्या तिथे ठेवली. पीच फळं भरून भाजलेला गोड ‘पाय’ तेवढा पोटभर खाल्ला.

“नावं म्हणजे पुरावा नव्हे,” टेड म्हणाला.

“तुझं नाव कुणाचं, टेड?” लोइसने विचारलं.

“आईच्या वडिलांचं.”

“ते का?”

“मी दुसरा मुलगा म्हणून.”

“मग?”

टेडने पायचा मोठा घास घेतला आणि सावकाश चावला. “आर्चिबाल्ड एकटा असता तर मी नाही म्हणालो असतो,” तो माझ्याकडे वळून म्हणाला. “ग्रिझेल एकटी असती तरीही. पण दोघंही आपापल्या नेमक्या जागी आहेत. आईचं नाव जीन. आणि आमची जीन गेली ती तुमच्याच दिशेने.” त्याने ताट टेबलावर ठेवलं. “तुम्ही काल आलात तेव्हा आम्हीसुद्धा फक्त मॅकडिलच तपासले. गिलेस्पींचं कुणी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.”

पाद्र्याने हात पुसले. “लोइसच्या विरुद्ध मत देणारा पाद्री इथे टिकलेला मी ऐकला नाही,” तो म्हणाला.

एवढ्यावर ते ठरलं. लोइसने चमचा काचेच्या भांड्यावर वाजवला आणि साऱ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की गिलेस्पींची जीन सापडली आहे, आणि तिच्या वंशातला एक जण शरद ऋतूत घरी येणार आहे, आणि ही त्याची बायको. माणसं एकामागून एक माझ्यापाशी येऊ लागली. प्रत्येक जण आधी आपण कुणाचे ते सांगे. मग डेव्हिड आपला कोण लागतो ते बोटांवर मोजून काढी. सातवा चुलत. आठवा चुलत, एका पिढीने खाली. एका आजोबांचा हिशेब तीनदा चुकला, पण त्यांनी सोडला नाही. त्यांच्या ताटातलं आइस्क्रीम पार वितळलं.

डेव्हिड असता तर त्याने त्या प्रत्येकाला उलट प्रश्न विचारून भंडावून सोडलं असतं. मला ते जमलं नाही. मी नुसती हात हातात घेत राहिले.

खुंट्या

गर्दी पांगल्यावर टेड हातोडा आणि लाकडी खुंट्या घेऊन आला. गिलेस्पींच्या ओळीच्या खाली, एका मोठ्या ओकपासून थोडी दूर, जागा होती. तिथून सबंध खोरं दिसतं. पहिली खुंटी दोनदा खडकावर अडली. तिसऱ्या वेळी टेडने ती हातभर सरकवून ठोकली. खाली सगळी चुनखडीच आहे म्हणाला. खुंटीपाशी निघालेली माती मी चिमटीत घेऊन पाहिली. लालसर, चिकट, बोटांना डाग पाडणारी.

“एक की दोन?” टेडने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. लोइसने काठीने खालच्या ओळीकडे दाखवलं. तिथे तिच्या नवऱ्याचा दगड होता. त्याच दगडावर, त्याच्या नावाशेजारी, तिचं नाव आणि जन्मसाल कोरलेलं होतं. पुढची जागा कोरी. “दर रविवारी मी त्याला फुलं घालते आणि माझ्या नावावरची धूळ पुसते,” ती म्हणाली. “जोडीदाराला नियमात जागा आहे. त्याला रक्त लागत नाही.”

वृंदाने माझा दंड धरला. “सुमती, घाई करू नकोस,” ती मराठीत म्हणाली. “जिवंत माणसाची जागा अशी आखून ठेवतात का कुणी? अपशकुन असतो. तुझ्या मुलीला तरी विचार आधी. डोंट डिसाइड टुडे.”

तिचं म्हणणं मला परकं नव्हतं. आमच्या घरात आजारी माणसापुढे कुणी मरणाचं नाव काढलं तरी आई त्याला गप्प करायची. आणि मी तिथे आले होते ती केवळ डेव्हिडसाठी. माझं काय, हा प्रश्न साताऱ्यातही सुटलेला नव्हता आणि मॉरिसव्हिलमध्येही. तीस वर्षं इथे राहून मी तो दर वेळी पुढे ढकलला होता. पण त्या उतारावर उभी असताना मला दिसलं, की डेव्हिडला इथे पोहोचवण्यासाठी एका बाईचं माहेर शोधावं लागलं आणि ते मी शोधलं. ज्या जागेसाठी मी इतकी खटपट केली, तिथे त्याला एकट्याला ठेवून माझं मी दुसरीकडे पाहावं, असं काही मला वाटेना. भीतीही वाटली नाही. वाटेल असं मला वाटलं होतं.

“मुलीला सांगेन,” मी वृंदाला म्हणाले. “विचारायचं होतं ते मला स्वतःलाच.” मग टेडकडे वळून म्हणाले, “दोन.”

वृंदाने माझा दंड सोडला नाही.

टेडने मान हलवली आणि दुसरी खुंटी हातात घेतली. मग तो घुटमळला.

“आमच्याकडे बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला असते,” तो जरा संकोचून म्हणाला. “तुमच्यात काही वेगळी रीत असेल तर तसं करू.”

“आमच्यातही डावीकडेच,” मी म्हणाले, आणि तो ठोकायला लागला तेव्हा खुंटी मी धरली.